विश्लेषण : एआयच्या मदतीने डॉक्टरांचे कौशल्य बोथट होते का?

कृत्रिम बुद्धिमत्ता अर्थात एआय वैद्यकीय निदानात किती अचूक आहे, याची चर्चा गेली काही वर्षे सुरू आहे. मात्र ही यंत्रणा रोज वापरणाऱ्या डॉक्टरांच्या स्वतःच्या कौशल्याचे काय होते, हा प्रश्न बराच काळ मागे राहिला. पोलंडमधील एका अभ्यासाने तो ऐरणीवर आणला. शिक्षणक्षेत्रातील अलीकडच्या प्रयोगांतूनही तसाच इशारा मिळतो. त्यातल्याच काही प्रयोगांत मार्गही दिसतो. या संशोधनाविषयी...

पोलंडमधील अभ्यासात काय आढळले?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची सुरुवात बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावर वाढणाऱ्या छोट्या गाठीपासून होते. अडेनोमा नावाची ही गाठ सुरुवातीला कर्करोगाची नसते, पण काही वर्षांनी तिचे रूपांतर कर्करोगात होऊ शकते. आतड्यात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, ही गाठ दिसते आणि बहुतेकदा त्याच वेळी काढूनही टाकता येते. त्यामुळे ही तपासणी निदानाची आहे, तशीच प्रतिबंधाचीही आहे. अडचण एवढीच की गाठ लहान असते, कधी चपटी असते, कधी आतड्याच्या घडीमागे दडलेली असते. ती दिसणे डॉक्टरांच्या नजरेवर अवलंबून असते. एआय यंत्रणा दुर्बिणीतून येणारे चित्र सतत तपासते आणि संशयास्पद जागा दिसली की पडद्यावर तिच्याभोवती चौकट उमटवते.

पोलंडमधील चार केंद्रांत २०२१च्या अखेरीस अशी यंत्रणा आली. त्यानंतर काही तपासण्या एआयच्या मदतीने, तर काही त्याविना होऊ लागल्या. कोणत्या रुग्णाची तपासणी कशी होणार, हे तपासणीच्या तारखेवरून ठरत असे. संशोधकांनी यंत्रणा येण्याआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने यांची तुलना केली. लक्ष होते ते एआयविना झालेल्या तपासण्यांवर. यंत्रणा येण्याआधीच्या ७९५ तपासण्यांपैकी २२६ मध्ये, म्हणजे २८.४ टक्के रुग्णांत, किमान एक अडेनोमा सापडला होता. यंत्रणा आल्यानंतर एआयविना झालेल्या ६४८ तपासण्यांत हा आकडा १४५, म्हणजे २२.४ टक्के होता. यंत्र बंद असताना हे डॉक्टर पूर्वीपेक्षा कमी रुग्णांत गाठ शोधू शकले. यात सहभागी असलेले १९ डॉक्टर नवखे नव्हते. प्रत्येकाने आधी दोन हजारांहून अधिक कोलोनोस्कोपी केल्या होत्या. ‘द लॅन्सेट गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी अँड हेपॅटॉलॉजी’ या नियतकालिकात ऑगस्ट २०२५मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

हा फरक महत्त्वाचा का?

शंभरात सहा रुग्णांचा फरक किरकोळ वाटू शकतो. प्रत्यक्षात आधी सापडत असलेल्या रुग्णांच्या तुलनेत ही घट सुमारे एक पंचमांश आहे. शिवाय एखादा डॉक्टर किती टक्के रुग्णांत अडेनोमा शोधतो, हा त्याच्या तपासणीच्या गुणवत्तेचा जगभर मान्य असलेला निकष आहे. या निकषाला भक्कम आधार देणारा एक अभ्यासही पोलंडमधलाच. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १८६ डॉक्टरांनी तपासलेल्या ४५ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती होती. ज्या डॉक्टरांचे हे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा कमी होते, त्यांच्या रुग्णांना पुढील तपासणीची वेळ येण्याआधीच कर्करोग होण्याची जोखीम इतरांच्या रुग्णांपेक्षा दहापटींहून अधिक आढळली.

अमेरिकेत २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीन लाखांहून अधिक तपासण्यांच्या अभ्यासातही हाच कल दिसला. गाठ शोधण्याचे प्रमाण शंभरात एकाने वाढले, तर नंतर कर्करोग होण्याची जोखीम तीन टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. ज्या रुग्णाची गाठ नजरेतून सुटते, त्याला ‘सगळे ठीक आहे’ असा अहवाल मिळतो आणि तो काही वर्षे निर्धास्त राहतो. म्हणून नजर मंदावल्याची किंमत डॉक्टरांना लगेच जाणवत नाही. ती रुग्णाला कित्येक वर्षांनी मोजावी लागते.

निष्कर्ष निर्विवाद आहे का?

नाही. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. यंत्रणा येण्याआधीचा काळ आणि नंतरचा काळ यांची ही तुलना आहे. त्यामुळे दोन कालखंडांत बदललेल्या इतर गोष्टींचा परिणाम पूर्णपणे वगळता येत नाही. उदाहरणार्थ, यंत्रणा येण्याआधीच्या तीन महिन्यांतील ७९५ तपासण्यांच्या तुलनेत नंतरच्या तीन महिन्यांत एआयसह आणि एआयविना मिळून १,३८२ तपासण्यांची नोंद आहे. कामाचा भार वाढला की प्रत्येक तपासणीला मिळणारे लक्ष कमी होऊ शकते. घसरणीचा काही भाग या थकव्याचा असेल, अशी शंका त्यामुळे घेता येते. डॉक्टरांची संख्या १९ एवढीच आहे आणि काळही तीन महिन्यांचाच आहे. हा निष्कर्ष सर्व देशांतील, सर्व तऱ्हेच्या डॉक्टरांना लागू करता येणार नाही.

तरीही तो झटकून टाकण्यासारखा नाही, कारण तो एकटा नाही. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोलोनोस्कोपीची चित्रफीत पाहताना डॉक्टरांची नजर कुठे फिरते, याचा माग घेण्यात आला. एआयची चौकट पडद्यावर उमटत असताना त्यांची नजर कमी फिरली. चौकट दाखवेल, या भरवशावर डोळ्यांनी स्वतःची शोधाशोध आखडती घेतली. रोज असे घडू लागले तर चौकट नसलेल्या दिवशी नजर पुन्हा पूर्वीसारखी फिरेलच, याची खात्री कोण देणार?

यंत्र चुकले तर अनुभव वाचवतो का?

काही प्रमाणात वाचवतो, पुरेसा नाही. ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २७ क्ष-किरणतज्ज्ञांना ५० मॅमोग्राम, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण प्रतिमा, वाचायला दिल्या गेल्या. प्रत्येक प्रतिमेसोबत ‘एआयचे मत’ म्हणून एक वर्गीकरण होते. त्यातील काही मते संशोधकांनी मुद्दाम चुकीची ठेवली होती. मत बरोबर असताना कमी अनुभवी तज्ज्ञांचे सुमारे ८० टक्के निर्णय अचूक ठरले. मत चुकीचे असताना हे प्रमाण २० टक्क्यांच्याही किंचित खाली गेले. सर्वाधिक अनुभवी तज्ज्ञांचे प्रमाणही ८२ टक्क्यांवरून सुमारे ४६ टक्क्यांवर घसरले.

या प्रयोगातून दोन गोष्टी दिसतात. यंत्राच्या मतापुढे अनुभवी माणूसही वाकतो. मात्र ज्याच्यापाशी स्वतःचे असे मत कमी पक्के आहे, तो कितीतरी जास्त वाकतो. ‘यंत्र सुचवेल, अंतिम निर्णय डॉक्टरांचाच’ हे वाक्य प्रत्येक एआय यंत्रणेसोबत सांगितले जाते. पण यंत्राची चूक पकडायची तर यंत्राविना निर्णय घेण्याची क्षमता शाबूत असावी लागते. यंत्राच्या सततच्या वापराने तीच क्षमता झिजत असेल, तर अंतिम निर्णयाचा अधिकार कागदावर उरतो.

वैमानिकांच्या जगात हा प्रश्न जुना आहे. स्वयंचलित यंत्रणांच्या सततच्या वापराने हाताने विमान चालवण्याचे कौशल्य उणावू शकते, असा इशारा अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाने जानेवारी २०१३मध्ये विमान कंपन्यांना दिला होता. योग्य वेळी वैमानिकांना हाताने उड्डाण करू द्यावे, अशी शिफारसही त्याने केली. वैमानिकांना ठरावीक काळाने आभासी कक्षात बसवून त्यांची परीक्षा घेण्याची पद्धत तिथे रुळलेली आहे. शस्त्रक्रियागृहात किंवा क्ष-किरण विभागात अशी नियमित व्यवस्था क्वचितच दिसते.

शिकणाऱ्यांसाठी धोका वेगळा कसा?

पोलंडमधील डॉक्टरांनी हजारो तपासण्या स्वतःच्या डोळ्यांनी केल्या होत्या. त्यांचे कौशल्य बोथट झाले असले तरी ते आधी कमावलेले होते. आज शिकत असलेला निवासी डॉक्टर पहिल्या दिवसापासून चौकटीसह तपासणी शिकला, तर त्याच्याकडे बोथट व्हायलाही काही नसेल. हे कौशल्य तयारच होत नाही, असा हा दुसरा आणि अधिक गंभीर धोका आहे.

शाळेतल्या गणिताच्या तासाला झालेला एक प्रयोग याबाबत बरेच सांगून जातो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर तो केला. हा अभ्यास २०२५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटाला सरावाची गणिते सोडवताना नेहमीसारखा एआय संवादक मिळाला, दुसऱ्या गटाला उत्तर थेट न सांगता टप्प्याटप्प्याने सूचना देणारा संवादक मिळाला आणि तिसऱ्या गटाने वही-पुस्तकावर सराव केला. सरावात पहिल्या गटाने तिसऱ्या गटापेक्षा ४८ टक्के आणि दुसऱ्या गटाने तब्बल १२७ टक्के अधिक गुण मिळवले. नंतरच्या परीक्षेत कोणालाच एआय नव्हता. तिथे पहिल्या गटाची कामगिरी वही-पुस्तकावर शिकलेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी खराब झाली. सूचना मिळवून शिकलेल्या गटाचे असे नुकसान झाले नाही. आपण कमी शिकलो, याची जाणीव मात्र पहिल्या गटातल्या विद्यार्थ्यांना नव्हती.

शिकताना पडणारे कष्ट उपयोगाचे असतात का?

होय, आणि हे एआयच्या आधीपासून ज्ञात आहे. मानसशास्त्रज्ञ हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कारपिक यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले. एका आठवड्याने चित्र उलटे झाले. आठवून लिहिणाऱ्यांना उताऱ्याचा ५६ टक्के भाग आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

डोक्याला ताण देऊन आठवणे, चुकणे, चूक सुधारणे यांतूनच ज्ञान पक्के होते. पण हे कष्ट होत असताना आपण मागे पडतो आहोत, असे वाटत राहते. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांत झालेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले. स्वतः प्रश्न सोडवत शिकलेले विद्यार्थी चाचणीत पुढे होते. मात्र आपण जास्त शिकलो, असे वाटत होते ते ओघवते व्याख्यान ऐकलेल्यांना. एआयने तत्काळ दिलेले नेटके उत्तरही असेच समाधान देते. म्हणून एआयविषयी विद्यार्थ्यांच्या किंवा डॉक्टरांच्या समाधानाचे सर्वेक्षण करून त्यांच्या शिकण्याचे मोजमाप होणार नाही. यंत्र बाजूला ठेवून परीक्षा घेतली तरच ते कळेल.

मग एआयला दूर ठेवावे का?

तसा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण फायद्याचे पुरावेही तितकेच ठोस आहेत. स्वीडनमध्ये ८० हजारांहून अधिक महिलांच्या स्तनकर्करोग तपासणीत एआयच्या वापराची चाचणी झाली; त्यातील निम्म्या महिलांच्या तपासणीत एआयची मदत घेतली गेली. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या पद्धतीने २०३, तर एआयच्या मदतीने २४४ कर्करोग सापडले आणि तज्ज्ञांचे प्रतिमा वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले. ही यादृच्छिक पद्धतीने गट पाडून केलेली चाचणी होती. त्यामुळे तिचे वजन निरीक्षणात्मक अभ्यासापेक्षा अधिक आहे.

जिथे तज्ज्ञच नाहीत, तिथे कौशल्य बोथट होण्याचा प्रश्न दुय्यम ठरतो. क्षयरोगाच्या प्राथमिक तपासणीत १५ वर्षांवरील व्यक्तींच्या छातीचा एक्स-रे माणसाऐवजी संगणकप्रणालीने वाचला तरी चालेल, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये मार्गदर्शक सूचनांत म्हटले. अशा प्रणाली बनवणाऱ्यांत मुंबईतील क्युअर एआय ही कंपनीही आहे. एक्स-रे यंत्र आहे पण तो वाचणारा तज्ज्ञ नाही, अशा तालुक्याच्या ठिकाणी यंत्राने दाखवलेला संशयही रुग्णाला लवकर उपचारांपर्यंत नेऊ शकतो.

शिक्षणातही एआय हानिकारकच ठरतो असे नाही. हार्वर्डमधीलच भौतिकशास्त्राच्या १९४ विद्यार्थ्यांच्या प्रयोगात, काळजीपूर्वक रचलेल्या एआय शिक्षकाकडून शिकलेल्यांची प्रगती वर्गात शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक होती आणि त्यांना वेळही कमी लागला. हा अभ्यास २०२५मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झाला. तो एआय शिक्षक एका वेळी एकच टप्पा पुढे नेत असे आणि विद्यार्थ्याला आधी विचार करायला लावत असे. तुर्कस्तानातील दुसऱ्या गटाचा अनुभवही याच्याशी जुळतो. तंत्रज्ञान तेच असले, तरी ते उत्तर देते की विचार करायला लावते, यावर परिणाम ठरतो.

डॉक्टर आणि यंत्र एकत्र आल्यास निदान सुधारते का?

आपोआप सुधारत नाही. ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये ऑक्टोबर २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत ५० डॉक्टरांना गुंतागुंतीची रुग्णवृत्ते देण्यात आली. निम्म्यांना नेहमीच्या संदर्भसाधनांसोबत एआय संवादकही वापरता येत होता. त्यांना निदानाच्या तर्कासाठी सरासरी ७६ टक्के गुण मिळाले. एआय नसलेल्यांना ७४ टक्के मिळाले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या नगण्य आहे. त्याच रुग्णवृत्तांवर एकट्या एआयने मात्र एआय नसलेल्या डॉक्टरांपेक्षा १६ टक्के गुण जास्त मिळवले. चांगले साधन हाती आले म्हणून ते चांगले वापरता येते असे नाही. त्याला काय विचारायचे, त्याच्यावर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी नाही, हे स्वतंत्रपणे शिकावे लागते. अर्थात ही लेखी प्रकरणे होती. माहिती नीट मांडून दिलेली होती. बाह्यरुग्ण विभागात रुग्ण आपली तक्रार इतकी सुसंगत सांगत नाही. त्याच्याकडून ती काढून घेणे, हाताने पोट तपासणे, चेहरा वाचणे हे काम डॉक्टरांचेच राहते.

वैद्यकीय शिक्षणात काय करता येईल?

या अभ्यासांतून काही व्यावहारिक दिशा मिळतात. पहिली म्हणजे क्रम. निवासी डॉक्टरने आधी स्वतः प्रतिमा वाचावी, आपले निदान लिहून ठेवावे आणि मगच एआयचे मत उघडावे. दोन्हींत तफावत असेल तर तीच शिकवण्याची जागा. दुसरी म्हणजे यंत्राविना सराव. ठरावीक संख्येने तपासण्या एआयविना केल्याशिवाय एआयसह तपासणीची मुभा देऊ नये, आणि अनुभवी डॉक्टरांनीही अधूनमधून यंत्र बंद ठेवून काम करावे. तिसरी म्हणजे मोजमाप. रुग्णालयाने एआयसह आणि एआयविना कामगिरीची वेगवेगळी नोंद ठेवली तरच घसरण वेळेत लक्षात येईल. पोलंडमधील घसरण दिसली ती अशा नोंदी होत्या म्हणूनच. चौथी म्हणजे चुकीची ओळख. यंत्र कुठे आणि का चुकते, याची उदाहरणे अभ्यासक्रमातच हवीत.

भारतात २०१९पासून एमबीबीएससाठी सक्षमताधारित अभ्यासक्रम लागू आहे. विद्यार्थ्याला किती माहिती आहे, यापेक्षा त्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर त्यात भर आहे आणि ठरलेली कौशल्ये आत्मसात केल्याची नोंद लॉगबुकमध्ये करावी लागते. हे कौशल्य यंत्रासह दाखवले की यंत्राविना, असा एक रकाना त्यात वाढवणे अवघड नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला एक वर्ष बंधपत्रित सेवा द्यावी लागते. ती अनेकदा ग्रामीण भागात असते. मोठ्या शहरातील रुग्णालयात अद्ययावत यंत्रांच्या सोबतीने शिकलेला हा डॉक्टर ग्रामीण रुग्णालयात रुजू होतो, तेव्हा त्याच्याकडे स्टेथोस्कोप असतो, एक्स-रे असतो आणि दाराबाहेर रुग्णांची रांग असते. इंटरनेट कधी असते, कधी नसते. अशा दिवशी पडद्यावर चौकट उमटणार नाही. रुग्णाला मिळणारे निदान तेवढेच चांगले असेल, जेवढे त्या डॉक्टरने यंत्र बाजूला ठेवून शिकून घेतलेले असेल.